‘निव्वळ नाटक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘क्रीडारसिक, डिचोली’ यांस,

नमस्कार. कॅनडातल्या एडमंटन ऑइलर्स या आइस हॉकी संघाच्या २०२३-२४च्या हंगामावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. परवा रात्री वाचली, काल सकाळी पुन्हा वाचली, आज दुपारी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, “सोडून द्या.” म्हणून लिहायला बसलोय.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांना थोडक्यात सांगतो. रसिकांचं म्हणणं असं की, “गोव्यात पंख्याखाली बसून कॅनडातल्या बर्फावरच्या टीमला ‘आमची’ म्हणणं हे निव्वळ नाटक आहे.” शिवाय सलग १६ विजयांना मी विक्रम म्हटलं ते चूक. शिवाय म्हापशाच्या पेडे मैदानावरची हॉकी, २०२४च्या ऑलिंपिकसाठी पॅरिसला निघालेला आपला हॉकी संघ, लेहच्या गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी पोरं, यांच्यावर माझी एक ओळ नाही. आणि शेवटी जाता जाता एक टोमणा : जूनमध्ये ‘मी आशा कधीच सोडली नव्हती’ असं लिहिणाऱ्यानं नोव्हेंबरमध्ये ‘हंगाम संपला’ असं लिहिलं होतं.

विक्रमाचं आधी मिटवतो. तुमचं बरोबर. ऑइलर्स खेळतात त्या लीगचा, एनएचएलचा, विक्रम सलग १७ विजयांचा आहे, पिट्सबर्गच्या नावावर, १९९२-९३च्या हंगामातला. ऑइलर्सचे १६ झाले आणि ६ फेब्रुवारीला वेगासनं त्यांना अडवलं. लेखात दुरुस्ती केली आहे. आता कॅनडातल्या संघांपुरतं बोलायचं तर १६ हा विक्रमच आहे, पण तेवढा बारकावा मी लिहिला नव्हता, म्हणून चूक माझी. झालं?

आता ‘नाटक’. राग टीकेचा नाही हो, शब्दाचा आला. गोव्यात राहून, तेही डिचोलीत राहून, ‘नाटक’ हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरता? आमच्या वाड्यावर दर काल्याला नाटक होतं. माझे वडील त्यात १९ वर्षं प्रॉम्पटर होते. विंगेत कंदिलाजवळ मांडीवर वही घेऊन बसायचे. पंचायतीतला कारकून त्या रात्री संभाजी व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी दाखल्यावर शिक्का मारायला टेबलावर हजर असायचा. त्याला कोणी ‘तू कसला संभाजी’ असं विचारलं नाही. पहाटे चारपर्यंत चटईवर बसून लोक डोळे पुसत होते. तेव्हा मी करतो ते नाटक असेल तर असू दे. पण ‘निव्वळ’ कशाला? ‘निव्वळ’ हा शब्द माणूस दुसऱ्याचं काही न बघता निकाल द्यायचा असला की लावतो.

मी ऐकीव ज्ञानावर लिहितो असा तुमचा सूर आहे, म्हणून सांगणं भाग आहे. २०११ ते २०१५ मी कळंगुटच्या एका हॉटेलात रात्रपाळीला रिसेप्शनवर होतो. दर जानेवारीत एक म्हातारा पाहुणा यायचा, मूळ एडमंटनचा, तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेला. तिथं संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात. माझी पाळी आठला सुटायची. साडेसातला हा खाली यायचा, कारण वायफाय फक्त रिसेप्शनपाशी धड चालायचं, आणि लॅपटॉप माझ्या काउंटरवर ठेवून उभ्यानं मॅच बघायचा. पोदेर, म्हणजे पाववाला, तेव्हाच सायकल लावायचा. म्हातारा त्याच्याकडून दोन पोई (गव्हाचे पाव) घ्यायचा, एक माझ्यासाठी.

या खेळातलं ‘आयसिंग’ म्हणजे काय ते म्हाताऱ्यानं मला पाहुण्यांच्या नोंदवहीवर समजावलं. वही उघडून आडवी ठेवली, मधली शिवण म्हणजे मैदानाची मध्यरेषा. मिठाच्या बाटलीचं झाकण म्हणजे पक, चेंडूऐवजी असते ती चकती. लोण्याच्या सुरीनं त्यानं ते झाकण वहीच्या या कडेकडून मारलं, ते शिवण ओलांडून पलीकडच्या कडेवरून थेट जमिनीवर. म्हणाला, हे करायचं नाही. आपल्या अर्ध्यातून पक नुसता लांब भिरकावून जीव सोडवायचा नाही. तसं केलं तर शिट्टी होते, खेळ परत तुमच्याच गोलासमोर सुरू होतो, आणि दमलेले खेळाडू बदलायलाही मिळत नाहीत. बर्फावर गडी पाऊण-एक मिनिटात दमतो, आत-बाहेर सारखं चालू असतं. त्यामुळे ही शिक्षा काय आहे ते दमलेल्यालाच कळतं. रात्रभर जागलेल्या मला ते त्या क्षणी पटलं. झाकण शोधायला मात्र दोघांना सोफा सरकवावा लागला.

आणि तेव्हाची ही टीम काय होती ते तुम्हाला ठाऊक आहे का? २००६ साली अंतिम फेरीतली सातवी मॅच हरली आणि त्यानंतर सलग १० हंगाम प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड पाहिलं नाही. इतकी वाईट की २०१०, २०११ आणि २०१२ अशी ओळीनं तीन वर्षं नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला नंबर यांचा. तिथं तळाला असलेल्यांना पहिली निवड मिळायची शक्यता जास्त असते. २०११चा तो पोरगा, रायन न्यूजंट-हॉपकिन्स, अजून याच टीममध्ये आहे. तो आणि मी एकाच हंगामात लागलो. त्याचा पगार माझ्यापेक्षा बरा आहे. दिखावाच करायचा असता, रसिकबाब, तर जिंकणारी टीम धरली नसती का मी? म्हातारा पुढं यायचा बंद झाला. गेला-बिला नाही, श्रीलंका स्वस्त पडते म्हणून तिकडं जायला लागला. मी मात्र अडकलो तो अडकलोच.

‘बर्फ तरी पाहिलाय का?’ असंही तुम्ही कंसात विचारलंय. पाहिलाय. मालीमच्या जेटीवर, मासळीच्या पेट्यांत.

बरं, ‘आमची’ म्हणायचा हक्क कुणाला? तुमच्या नावाशेजारच्या फोटोत तुम्ही अर्जेंटिनाचा निळा-पांढरा शर्ट घालून उभे आहात. छान दिसतो. २०२२च्या डिसेंबरात गोव्यातल्या किती वाड्यांवर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगालचे झेंडे लागले होते ते आपण दोघांनी पाहिलंय. नारळाच्या झाडाला बांधलेल्या मेस्सीला कोणी विचारलं नाही की बाबा, तू कुठल्या पंचायतीतला. फुटबॉलला चालतं ते बर्फावरच्या हॉकीला का चालत नाही? कारण फुटबॉल सगळे बघतात आणि हे मी एकटाच बघतो? मग तुमचा आक्षेप नाटकाला नाही, प्रेक्षक कमी असण्याला आहे. तसं सरळ लिहायचं होतं.

हंगाम सोबत काढणं म्हणजे काय, ते मी मूळ लेखात नीट सांगू शकलो नाही बहुधा. साखळीच्या ८२ मॅचेस होत्या, ऑक्टोबर ते एप्रिल. त्यातल्या निम्म्याहून अधिक कुणाच्या लक्षात राहत नाहीत. मंगळवारी हरतात, गुरुवारी जिंकतात, मध्ये विमानानं दोन-तीन हजार किलोमीटर जातात. जादा वेळेत हरलं तरी एक गुण मिळतो, त्यामुळे गुणतक्त्यात कोण कुठं आहे हे एका नजरेत कळत नाही, पेन घ्यावं लागतं. संघ पूर्वेकडं खेळायला गेला की आपल्याकडे मॅच पहाटे साडेपाचला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासानं मागं जातात आणि आपला गजर चुकतो. क्षणचित्रांत कर्णधार मॅकडेव्हिडचा गोल दिसतो. पण दोन मिनिटं एक गडी कमी असताना चौघं जण अंगावर पक झेलत कसे उभे राहतात, ते अख्खी मॅच बघितल्याशिवाय दिसत नाही. पक म्हणजे गोठवलेलं रबर, १७० ग्रॅमच्या आसपास. तो पायावर घ्यायचा आणि लंगडत बाकावर जायचं, पुढच्या पाळीला परत यायचं. हे बघायला मी उठतो. तुम्ही ‘बहुतेक क्षणचित्रंच बघत असणार’ लिहिलंत, कुठल्या पुराव्यावर? माझ्याकडे वही आहे. या हंगामात साखळीच्या ३१ मॅचेस पूर्ण पाहिल्या, प्लेऑफची एकही सोडली नाही.

वाईट दिवसही पाहिले. १२ ऑक्टोबरच्या सकाळी व्हँकुव्हरकडून ८-१ असा पहिलाच मार. धनत्रयोदशीच्या सकाळी सॅन होजेकडून हार, ज्यांनी तोवर हंगामात एकच मॅच जिंकली होती. नरकचतुर्दशीला पहाटे वाड्यावरच्या पोरांनी नरकासुर जाळला, डोळ्यांत धूर घेऊन घरी आलो, आंघोळ, फोव (पोहे), आणि फोव खाता खाता सिअॅटलविरुद्ध जिंकताना पाहिलं. बरं वाटलं. त्याच रात्री बातमी आली की प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्टना काढलं. १३ मॅचेस, ३ विजय. जिंकलेल्या मॅचनंतर काढलं! क्रिस नॉब्लॉक आले ते त्यांच्या जागी. आमच्याकडे निदान नरकासुर आधी ठरलेला असतो.

आणि अंतिम फेरीची सातवी मॅच. २५ जून, मंगळवार, पहाटे साडेपाच. आदल्या दिवशी शेजारच्या वाड्यावर सांजावचा सण झालेला, कुंपणावर कुणाचं तरी डोक्यावरचं फुलांचं कोपेल भिजून लोंबत होतं, आणि पाऊस असा की कौलांच्या आवाजात काही ऐकू येईना. वीज रात्रीच गेली होती. फोन १४ टक्क्यांवर. तीन मॅचेस हरून नंतर तीन जिंकलेली टीम, ०-३ वरून अंतिम फेरी जिंकायचं एकट्या टोरोंटोला जमलं होतं, १९४२ साली. बाल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या पडवीच्या, सोप्यावर उकिडवा बसून, आवाज बंद ठेवून, उजेड कमी करून मी ती मॅच पाहिली. दुसऱ्या सत्रात फ्लोरिडाच्या राइनहार्टनं २-१ केलं. शेवटी गोलरक्षक स्किनरला बाहेर काढून सहावा गडी उतरवला, तरी बरोबरी झाली नाही. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हरलेल्या संघाच्या मॅकडेव्हिडचं नाव पुकारलं आणि तो चषक घ्यायला बाहेर आलाच नाही. माझ्या फोनवर तेव्हा ३ टक्के होते. आत येऊन मी काही बोललो नाही. बायकोनं विचारलं, “कोण गेलं?”

हे नाटक असेल तर प्रॉम्पटर कोण होता तेवढं सांगा.

पेडेवरच्या हॉकीचं म्हणाल, तर मी म्हापशाला जातो, सामने असले की डोकावतो, लिहीत नाही, कारण त्यातलं मला कळत नाही. पॅरिससाठी शुभेच्छा होत्याच. लेहचं खरंच कौतुक आहे. स्थानिक खेळावरचं माझं प्रेम काढायचं असेल तर १९९० साली गोव्यानं केरळला हरवून फुटबॉलची संतोष ट्रॉफी घेतली तेव्हा मी ११ वर्षांचा, वडिलांबरोबर फातोर्ड्याला होतो. येताना शेवटची बस चुकली आणि मडगावच्या स्टँडवर रात्र काढली. तुम्ही कुठं होता त्या रात्री? असो, हा प्रश्न अस्थानी आहे, मागे घेतो.

राहिला नोव्हेंबरचा टोमणा. ‘हंगाम संपला’ हे रागात लिहिलं होतं, धनत्रयोदशीला. घरचा माणूस रागात काय काय बोलतो, ते कोणी जपून ठेवत नाही. तुम्ही ठेवलंत, आश्चर्य आहे. त्यानंतर क्रिकेट वर्ल्ड कपचे शेवटचे सामने होते, १९ नोव्हेंबरला फायनल होती, सगळा देश ते बघत होता, मीही बघितलं. याचा अर्थ मी टीम सोडली असा होत नाही. नुसती दोन-चार आठवड्यांची ओढाताण. आणि स्किनरबद्दल तेव्हा जे लिहिलं ते तर अर्धं गमतीनं होतं.

बायको म्हणते, एवढं लिहिण्यापेक्षा वहीचा फोटो टाका, विषय संपेल. टाकला असता. ऑक्टोबरची पानं स्वच्छ आहेत, ते सलग विजय सुरू झाले त्या २१ डिसेंबरपासून पुढं तर रंगीत पेनानं लिहिलंय. मधली पानं या पावसात ओल धरून एकमेकांना चिकटली आहेत. ओढली तर फाटतील.