3 दिवसांच्या दाखल्यासाठी लांबच्या मुक्कामाची तयारी

खरेदीखताची नोंदणी झाली, व्यवहाराचा गोषवारा देणाऱ्या सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टूची) प्रत हाती आली, म्हणजे घर आपले झाले असा आपला समज झाला असेल, तर तो तूर्त बाजूस ठेवावा. महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर अजून जुन्या मालकाचेच नाव आहे आणि ते बदलून घेण्यासाठी आधी थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली या दाखल्याला 3 दिवसांची मुदत ठरलेली आहे. कार्यालयातील फलकावर ती वाचण्यास हरकत नाही. मात्र टेबलापाशी तिचा उच्चार करू नये, मंडळी दुखावतात.

हे 3 दिवस नेमके कोठे ताणले जातात, याचे रहस्य कायद्यातच आहे. मुदत मोजली जाते ती आवश्यक कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून, आणि परिपूर्णता ही भल्याभल्या साधकांनाही सहजी न लाभलेली अवस्था आहे. आपण घरपट्टीची पावती न्याल तेव्हा पाणीपट्टीची आठवण निघेल. पाणीपट्टी न्याल तेव्हा खरेदीखतात जुन्या मालकाच्या नावापुढे असलेला ‘राव’ बिलात नाही, हे ध्यानात येईल आणि त्या एका ‘राव’साठी प्रतिज्ञापत्र करावे लागेल. त्रुटी एका भेटीत एकच सांगितली जाते, कारण सगळ्या एकदम ऐकवल्या तर नागरिकाच्या प्रकृतीचे काय होईल, याची कार्यालयाला काळजी असते.

अर्ज शक्यतो सप्टेंबरात करावा. मालमत्ता कर 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबर असा सहामाहीने आगाऊ देय होतो. त्यामुळे 30 तारखेला फाईल स्वाक्षरीपर्यंत पोचली आणि साहेब नेमके बैठकीस गेले, तर काल निष्कलंक असलेले आपण आज पुन्हा देणेकरी ठरता. थकलेल्या करावरची दरमहा 2 टक्के शास्ती मात्र कधीही रेंगाळत नाही. तिला कोणत्याही कागदाची त्रुटी आडवी येत नाही.

अपिलाची हौस असल्यास तीही भागवता येते. पहिले अपील 30 दिवसांत करावयाचे असते आणि कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. तेथे आपणास एवढेच विचारले जाईल की, जी मुदत सुरूच झाली नाही ती संपली कशी? उत्तरादाखल तारीख घातलेली पोच दाखवावी लागेल, जी पहिल्या दिवशी मागताना आपणास उगाच संकोच वाटला होता.