तात्यांचा थंब

आमच्या मोहोळ तालुक्यात तीन गोष्टींची वाट बघितली जाते: पाऊस, उजनीचं आवर्तन आणि हप्ता. पहिल्या दोन आल्या नाहीत तर निदान सगळ्या गावाला मिळून बोंब मारता येते. हप्त्याचं तसं नाही. तो सगळ्या गावाला पडतो आणि आपल्यालाच पडत नाही.

पीएम किसान 2019 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 2023 साली राज्यानं नमो सन्मानचे आणखी तेवढेच वाढवले. दोन्ही धरून दिवसाला तेहतीस रुपयेही पुरते होत नाहीत. पण शेजाऱ्याचा फोन टिंग वाजला आणि आपला वाजला नाही, तर या तेहतीस रुपयांसाठी माणसाची झोप उडते. तात्यांची उडाली.

“केवायसी ऱ्हायलीय,” असं निदान पारावर झालं. ओटीपीनं घरबसल्या होते म्हणतात. पण आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये होता, तो मोटार बसवताना विहिरीत पडलाय. आलेले सगळे ओटीपी तिथंच तळाला साठले असणार.

मग सेवा केंद्र. पोरानं मशीनची काच शर्टाला पुसली आणि म्हणाला, “तात्या, थंब लावा.” तात्यांनी लावला. लाल दिवा. ओल्या फडक्यानं बोट पुसून पुन्हा. लाल. “डोस्क्यावरनं फिरवा, तेल लागू द्या जरा.” फिरवलं. लाल. दाबून लावला, हळू लावला, डावा लावला, करंगळीपर्यंत सगळी बोटं झाली. शेवटी पोरानं तात्यांचा अंगठा ट्यूबलाइटखाली धरला. नुकतीच ज्वारी काढून झालेली. भेगांत माती, मधून विळ्याचा जुना आडवा वण, आणि जिथं रेषा असायच्या तिथं गुळगुळीत कातडं.

“ठसाच न्हाई वो ऱ्हायला!”

मशीन तर बिघडलं नाही ना, म्हणून त्यानं माझा अंगठा लावून बघितला. पहिल्या फटक्यात हिरवा! मी सोलापुरात कॉम्प्युटरसमोर बसतो. शेतात जातो ते हुरडा खायला. म्हणजे ज्याच्या हातानं शेती होते त्याचा हात मशीनला चालत नाही, आणि ज्याचा चालतो त्याच्या नावावर सातबारा नाही. ही योजना काढणाऱ्यानं ज्वारी उपटून बघितलेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

“चेहऱ्यानं करू,” पोरगं म्हणालं. मोबाइल तात्यांच्या तोंडासमोर धरला. “डोळं झाका-उघडा.” आता फोटोत पापणी हलली की फोटो वाया जातो, ही तात्यांची आयुष्यभराची शिस्त. लग्नाच्या फोटोतही ते पोलिसात भरती व्हायला आल्यासारखे बघतायत. त्यांनी डोळे आणखी ताणले. ॲप म्हणतंय मिचकावा, तात्या टक्क. डोळ्यांतनं पाणी आलं, पण पापणी हलेना. रांगेतली एक म्हातारी वैतागून ओरडली, “आवं तात्या, डोळा मारा की एकदाचा! लाजताय कशापायी?”

तात्या दचकले, पापण्या लवल्या, केवायसी झाली.

पुढं हप्ता पडला, पण नेहमीच्या पासबुकात नाही. ही रक्कम आधारला शेवटी जे खातं जोडलंय तिथं जाते. तात्यांचं ते खातं म्हणजे गावात शिबिर लागलं होतं तेव्हा उघडलेलं जनधनचं. पासबुक निघालं खताच्या पावत्यांच्या पिशवीत, उंदरानं कोपरा खाल्लेलं.

बँकेत कारकुनानं तात्यांचा फेटा बघून, न विचारताच शाईचा पॅड पुढं सरकवला. तात्यांनी तो ठामपणे मागं लोटला. सातवी पास माणूस! माझ्या खिशातलं पेन काढून स्लिपवर पूर्ण नावाची, खाली रेघ ओढलेली सही ठोकली.

कारकुनानं एकदा सही बघितली, एकदा स्क्रीन.

“सही जुळत नाही, बाबा. थंब लावा.”