आवाज वाढला म्हणजे गाडी पळाली असं नसतं, भावांनो

परवा रात्री भाचा आला. गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळलं, कारण शेजारच्या आजी झोपेतनं दचकून उठल्या. नव्या ३५० बुलेटला त्यानं इंदोरी सायलेन्सर (मोठ्या आवाजाचा, मोकळा) बसवलाय. "मामा, पिकअप कसलं वाढलंय बघा की!" मी फुलेवाडीपर्यंत एक चक्कर मारून आलो. पिकअप होतं तेवढंच होतं, उलट खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) गाडी जरा मंदच वाटली.

पोराला रागावलो नाही, कारण हीच चूक मी केलेली आहे.

कॉलेजात माझ्याकडं यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० होती. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. वरच्या आरपीएमला तिचा आवाज कसा व्हायचा, हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. एका गॅरेजवाल्याचं ऐकून मी सायलेन्सरची पुंगळी (आवाज दाबणारी आतली नळी) काढली, आतले पडदेही कापून घेतले. टू-स्ट्रोकला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) नसतो, सिलिंडरच्या भिंतीत नुसता पोर्ट, म्हणजे भोक असतं. जळालेल्या धुरामागनं थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं. सायलेन्सरचा आकार असा केलेला असतो की आतनं परत येणारी दाबाची लाट ते मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरात ढकलते. म्हणजे तो डबा इंजिनाचाच एक भाग असतो, आणि मी तोच फाडला होता. कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोलचं माप ठरवणारं भोक) मात्र जुनंच, म्हणून हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून इंजिन तापायचं. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढावर फुल्ल थ्रॉटलमध्ये पिस्टन जाम झाला, मागचं चाक लॉक. मागनं एसटी येत होती. क्लच वेळेत दाबला गेला म्हणून वाचलो. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करायला (आतनं कापून नीट करायला) गेलो तेव्हा मिस्त्रींनी तो ओरखडलेला पिस्टन हातात दिला आणि एवढंच विचारलं, "जेट कितीचं घातलंयस?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता फोर-स्ट्रोकचं, म्हणजे बुलेटसारख्या इंजिनाचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपमधनं धावते. गरम धुरात तिचा वेग सेकंदाला साधारण ५०० मीटर. पाईप जिथं मोठ्या डब्यात उघडतो तिथनं ती उलटी फिरते, पण येताना दाब नाही, ओढ घेऊन येते. पाईप एक मीटरचा धरला तर जाऊन यायला ४ मिलिसेकंद. ९००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरणारा दांडा) सुमारे २१६ अंश फिरतो, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या क्षणाच्या जवळपास लाट पोचते, उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. ४००० आरपीएमला तीच लाट ९६ अंशांवरच येऊन जाते. उपयोग शून्य! म्हणून वरच्या आरपीएमची ताकद बरीचशी बेंड पाईपच्या (इंजिनातनं सायलेन्सरकडं जाणाऱ्या पाईपच्या) लांबी-जाडीवर ठरते. मागचा नुसता डबा बदलून मोकळा केला तर टोकाला थोडाफार फरक पडेल, तोही पेट्रोलचं माप जुळवलं तरच.

आणि बुलेटचं काय? तिचा पुरा टॉर्क (ओढायचा जोर) ४००० ला मिळतो, पुरी ताकद ६१०० ला. महाद्वार रोडच्या गर्दीत ६१०० ला कोण जातंय? दोन फेऱ्यांत एक स्फोट, म्हणजे ४००० ला सेकंदाला ३३ दणके. चार सिलिंडरच्या इंजिनात १२००० ला ४०० होतात, म्हणून ती किंचाळते. कुठलाही सायलेन्सर लावा, एका सिलिंडरला तो सूर येणार नाही.

थ्रॉटल सोडल्यावर फाट-फाट होतं ना, त्याला पोरं पॉवर समजतात. ते न जळलेलं पेट्रोल पाईपमध्ये जळत असतं. मिश्रण पातळ झालंय (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा जोडातनं हवा शिरतेय, हे तपासायला पाहिजे. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या) गाडीचा ऑक्सिजन सेन्सर एकसारख्या वेगात पेट्रोलचं माप सांभाळून घेतो, पण फुल्ल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या तक्त्यावर चालतो. मॅप बदलला नाही तर इंजिन तापतं.

मला आवाजाचं वेड आजही आहे. ग्लासवूल भरलेला हलका, चांगला सायलेन्सर, त्याला जुळवलेला मॅप आणि डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मोजलेला आकडा घेऊन कुणी ट्रॅकवर उतरत असेल तर मी बघायला येईन. आपल्या कोल्हापूरची पोरं देशपातळीवर रेसिंग करतात, त्याचा मला अभिमान आहे. पण सीपीआर हॉस्पिटलसमोरनं रात्री अकराला फटाके फोडत जाणं, ते मला सहन होत नाही. आत कुणाची तरी आई झोपायचा प्रयत्न करत असते. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा आहे, दंड १०,००० रुपयांपर्यंत, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

भाच्याला म्हटलं, माझं ऐकू नकोस, घड्याळ लाव. रविवारी पहाटे गगनबावडा रोडला, तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ६०, तीन वेळा इंदोरीवर आणि तीन वेळा कंपनीच्या सायलेन्सरवर. तो तयार झालाय. जुना सायलेन्सर त्यानं माळ्यावर जपून ठेवला होता, तो काल उतरवला. नवीन गॅस्केट मी आणून ठेवलंय.