दहावा मजला येईपर्यंत सेव्ह नाही म्हणजे नाही!

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी 'तुला गेम कळलाच नाही' असं म्हणायला नको. 'डिसगाया' मला मनापासून आवडतो. इतका खळखळून हसवणारा टर्न-बेस्ड आरपीजी, म्हणजे आळीपाळीने चाली करत आपली पात्रं वाढवत न्यायचा व्हिडिओ गेम, मी दुसरा खेळलेलो नाही. आणि नेमका म्हणूनच संताप होतो. गेम भिकार असता तर काढून ठेवला असता, विषय संपला असता. पण हा गेम चांगला आहे, आणि चांगला असूनही खेळणाऱ्याच्या वेळेला काडीची किंमत देत नाही. हे सहन होत नाही.

मी बोलतोय ते पीएसपीवरच्या, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या आवृत्तीबद्दल, 'डिसगाया: आफ्टरनून ऑफ डार्कनेस'. मूळ गेम २००३ सालचा, प्लेस्टेशन २ वरचा, जपानमधल्या गिफू प्रांतातल्या निप्पॉन इची सॉफ्टवेअरने केलेला. २००६ च्या अखेरीस तो जपानमध्ये पीएसपीवर आला आणि २००७ मध्ये इंग्रजीत. म्हणजे घरात टीव्हीसमोर पाय पसरून खेळायचा गेम प्रवासात खेळायच्या यंत्रावर आणला. माझं सगळं भांडण इथून सुरू होतं.

गोष्ट काय आहे ते सांगायलाच हवं, कारण ती धमाल आहे. लाहार्ल हा नरकाचा युवराज. दोन वर्षं झोपून उठतो तर शेजारी एटना ही त्याच्या बापाच्या पदरची सरदारीण उभी, आणि आजूबाजूला सगळी हत्यारं. ती म्हणते, 'तुम्हाला उठवत होते.' बाप, म्हणजे राजा क्रिचेव्स्कॉय, मेलेला. लढाईत नाही, घशात प्रेट्झेल अडकून! मग स्वर्गातून फ्लोन नावाची शिकाऊ देवदूत येते. तिला राजाला मारायला पाठवलंय, आणि राजा आधीच गेलाय हे तिला ठाऊकच नाही. 'डार्क अडोनिस' म्हणून मिरवणारा एक गडी थाटात येतो आणि लाहार्ल त्याचं नाव 'मिड-बॉस' करून टाकतो. बिचाऱ्याला पुढे गेमभर सगळे तेच म्हणतात. प्रत्येक अध्याय संपला की ॲनिमेच्या मालिकेत असते तशी 'पुढच्या भागात' ची झलक, आणि ती सांगते एटना, धादांत खोटी, स्वतःला 'ब्यूटी क्वीन एटना' म्हणवून घेत. तसं काहीही पुढच्या अध्यायात घडत नाही. दर वेळी हसू येतं.

आणि प्रिनी! पेंग्विनच्या पोशाखात कोंबलेले पापी माणसांचे आत्मे. पाप फिटेपर्यंत राबायचं, उचलून फेकलं की स्फोट. सुरुवातीला ते नुसते हसवायला ठेवलेत असं वाटतं. मग लाल चंद्राच्या रात्रीचा प्रसंग येतो आणि त्याच पेंग्विनांनी घसा दाटून येतो. विनोदातून तिथपर्यंत नेणं येरागबाळ्याचं काम नाही. लिहिणाऱ्यांना त्यासाठी मनापासून दाद.

मग झालं काय? आयटम वर्ल्ड झालं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: या गेममध्ये प्रत्येक वस्तूच्या आत एक जग आहे. तलवार असो, चिलखत असो, साधी गोळी-औषधाची बाटली असो, तिच्या आत शिरायचं आणि मजल्यामागून मजले उतरत जायचं. साध्या वस्तूत ३० मजले, दुर्मिळ वस्तूत ६०, लेजेंडरी वस्तूत १००. प्रत्येक मजला नव्याने तयार होतो, कधीच सारखा नसतो. जेवढे मजले उतराल तेवढी ती वस्तू ताकदवान. आत त्या वस्तूची ताकद वाढवणारे 'स्पेशालिस्ट' राहतात, त्यांना हरवलं की ते दुप्पट कामाचे होतात आणि एका वस्तूतून दुसरीत हलवता येतात. कल्पना म्हणून बिनतोड. लेव्हलची कमाल मर्यादा ९९९९ असलेल्या गेममध्ये कथा संपल्यावर जे काही आहे, त्याचा बराचसा कणा हाच.

आणि या कण्यात सेव्ह नाही. दर दहाव्या मजल्यावर एक मोठा शत्रू असतो, तो मारला की बाहेर पडायचं का असं विचारतात. तोवर आतच. मध्ये सुटायला 'मिस्टर जेन्सीज एक्झिट' नावाची वस्तू आहे, वापरली की संपली. जवळ असली तर सुटलात, नसली तर उतरा दहाव्यापर्यंत. सेव्ह करायचं तर लाहार्लच्या किल्ल्यात परत या. मधल्या मजल्यावर सगळे मेले तर थेट गेम ओव्हर, आणि शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं पाण्यात.

दहा मजले म्हणजे किती वेळ? याचं उत्तर कुणालाच देता येत नाही आणि सगळा वैताग त्यातच आहे. कधी मजल्यात शिरताच चार पावलांवर दार असतं, एका मिनिटात खाली. आणि कधी नुसता पहिला डाव टाकायलाच दहा मिनिटं लागतात. दुपारच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, डोंबिवलीला सुरुवात केली, सात मजले झरझर उतरलो. आठव्यावर दाराभोवतीचे पटावरचे सगळे चौकोन लाल, त्यांवर 'इन्व्हिन्सिबल' चा परिणाम, आणि बरोब्बर दारावर राखणदार. तो जागचा हलत नाही आणि त्याला ओरखडाही उठत नाही. तो परिणाम ज्या 'जिओ सिम्बॉल' नावाच्या वस्तूमुळे होतो, तो दरीच्या पलीकडे एका उंच कट्ट्यावर. आता उपाय काय, तर एकाने दुसऱ्याला उचलायचं, पुढे फेकायचं, त्याने तिसऱ्याला उचलायचं, आणि असं फेकत फेकत कुणीतरी पलीकडे पोचवून तो सिम्बॉल उचलून लाल चौकोनांबाहेर टाकायचा. राक्षस जातीच्या पात्रांना दुसऱ्या कुणाला उचलता येत नाही, म्हणजे कोण कुठे उभं करायचं याचा आधीच हिशेब हवा. शत्रू तोवर मागून झोडपतायत.

हे कोडं सोडवायला जी मजा येते ती मी नाकारत नाही. डोकं चालवायला लावणारी, अस्सल मजा आहे. पण तिसरा माणूस हवेत असताना दादर येतं! कोडं अर्धवट, मजला अर्धवट, आठ मजल्यांची कमाई टांगणीला. प्लॅटफॉर्मवर उतरायचं, जिना चढायचा, ऑफिस गाठायचं. सेव्ह करा म्हणावं तर पर्यायच नाही.

आता ठरलेलं उत्तर येणार: 'अरे, स्लीप मोड आहे ना!' या उत्तराचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. पॉवरची कळ वर सरकवली की पीएसपी झोपतो आणि परत सरकवली की गेम होता तिथून चालू, हे मलाही माहीत आहे. पण ती सोय यंत्राने दिलेली आहे, गेमने नाही. यंत्रात जीव आहे तोवरच ती टिकते. पहिल्या पीएसपीची बॅटरी १८०० एमएएचची होती, नंतरच्या सडपातळ मॉडेलची १२००. आणि ही यंत्रं आता किती जुनी झालीत! मूळ बॅटऱ्या फुगून मागचं झाकण बसेनासं होतं. बदली बॅटरी घ्यावी तर ती अर्धी भरलेली दाखवते आणि पुढच्या क्षणी पडदा काळा. बॅगेत कळ दाबून राहिली तर झोपायच्या ऐवजी यंत्र बंदच पडतं. दादरला झोपवलेला पीएसपी संध्याकाळी उघडला तर सोनीचा लोगो पहिल्यापासून सुरू होतो, आणि आठ मजले, दोन स्पेशालिस्ट, तलवारीची वाढलेली ताकद, सगळं गेलेलं असतं. त्या क्षणी डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

शिवाय यंत्र झोपवून ठेवायचं म्हणजे ते या एका गेमला बांधून टाकायचं. रविवारी भाचा येतो, 'मामा, मला रेसिंगचा गेम खेळू दे ना' म्हणतो. त्याला काय सांगू? नाही रे बाळा, मामा बाटलीच्या आत सहाव्या मजल्यावर आहे? पोराला नाही म्हणावं लागतं, आणि तेही एका सेव्हसाठी.

बरं, त्या काळात हे जमतच नव्हतं असंही नाही. २००१ चं 'ॲडव्हान्स वॉर्स' घ्या. गेम बॉय ॲडव्हान्सवरचं, पीएसपीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या यंत्रावरचं. ऐन लढाईत सेव्ह करता येतं. त्याच यंत्रावर २००३ ला आलेलं 'फायर एम्ब्लेम' घ्या. तिथे तर प्रत्येक चालीनंतर गेम स्वतःच नोंद करून ठेवतो. चालू लढाईत यंत्र बंद केलं, बॅटरी मेली, काहीही झालं, तरी परत लावल्यावर त्याच चालीपासून पुढे. आणि तो गेम काही सोपा नाही, मेलेलं पात्र कायमचं मरतं. म्हणजे सेव्ह दिल्याने गेममधला धोका संपतो, हा युक्तिवादही तिथेच निकालात निघाला. तात्पुरता सेव्ह ठेवा, उघडला की पुसून टाका, कुणालाही मागे जाऊन फसवाफसवी करता येणार नाही. हातात धरून खेळायचा गेम कसा असावा हे त्या मंडळींना कळलं होतं.

पण जुने खेळाडू ऐकतील तर शपथ. 'दहा मजल्यांचं ओझं डोक्यावर असतं म्हणूनच थरार आहे' म्हणे. थरार शत्रूचा असावा ना? चुकीच्या चौकोनात पाय टाकला आणि सगळे मेले, तर कबूल, माझी हार, परत पहिल्यापासून. बॅटरीने दगा दिला किंवा ऑफिसचा फोन आला म्हणून हरणं यात कसला आलाय थरार? तिथे माझ्या खेळाचा काही संबंधच नाही. आणि 'आयटम वर्ल्डशिवायही कथा पूर्ण होते' हे सांगणाऱ्यांना एवढंच विचारतो की मग तुम्ही स्वतः शेकडो तास कुठे घालवता? तिथेच ना?

राग फक्त गेमवर नाही, या गेमची परीक्षणं लिहिणाऱ्यांवरही आहे. जिकडे बघावं तिकडे तेच: विनोद भारी, चित्रं गोड, आवाज मस्त, डावपेच खोल, खूप तास पुरतो, दहापैकी एवढे गुण. अहो, पण प्रवासात खेळायच्या यंत्रावरचा गेम आहे हा! त्याच्याबद्दल विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे माझं स्टेशन आलं तर मला तो ठेवता येतो का? एका बैठकीला किती वेळ मोकळा हवा? मध्येच उठावं लागलं तर किती नुकसान? हे कुणीच लिहीत नाही, कारण परीक्षण लिहिणारा घरी खुर्चीत बसून, चार्जर लावून खेळलेला असतो. आवाज मस्त आहे हे मला दोन मिनिटांच्या व्हिडिओत कळतं. दहा मजले उतरल्याशिवाय सुटका नाही, हे पैसे मोजल्यावर आणि एक दुपार वाया गेल्यावर कळतं. 'खूप तास पुरतो' म्हणून कौतुक करायचं आणि त्या तासांचं गेम काय करतो यावर अवाक्षर नाही. हे ग्राहकाशी बेइमानी करणं आहे.

डार्क असेंब्लीबद्दल मात्र तक्रार नाही, हे मुद्दाम सांगतो. दुकानात महाग माल आणायचा असो की पात्राला नवा जन्म द्यायचा असो, राक्षसांच्या सभेत ठराव मांडायचा, सभासदांना वस्तू चारायच्या, आणि तरीही पडला तर सगळ्या सभेशी मारामारी करून मंजूर करून घ्यायचा. हे सुंदर आहे, आटोपशीर आहे, एका स्टेशनाच्या अंतरात होतं. म्हणजे आटोपशीर करायचं कसं हे यांना येत होतं!

आणि पीएसपीवर आणताना यांनी काही हातच लावला नाही असंही नाही. रुंद पडद्यासाठी बदल केले. शेजारी बसलेल्या दुसऱ्या पीएसपीशी वायरलेसवर लढायची सोय घातली. वर एटना मोड घातला: लाहार्लला उठवायच्या नादात एटना त्याला मारूनच टाकते आणि पुढची गोष्ट तिची, नवे संवाद, नवे विनोद. एवढं सगळं लिहायला, रंगवायला, तपासायला माणसं होती, वेळ होता, पैसा होता. ते करताना त्यांच्यापैकी एकानेही तो गेम खिशात घालून घराबाहेर पाऊल टाकलं असतं, तर पहिल्याच दिवशी चवथ्या मजल्यावर अडकून तो परत आला असता आणि म्हणाला असता की एटना मोड राहू द्या दोन आठवडे, आधी मजल्यावर सेव्ह टाका.