रोलेटमधला सदतिसावा रुपया

लाँग वीकेंड आला की ठाण्यात तीन हात नाक्याला, नवी मुंबईत वाशी प्लाझाला, नेरुळच्या एलपी स्टॉपला गोव्याच्या बसची वाट बघणारे ग्रुप दिसतात. त्यातल्या बऱ्याच जणांचा एक रात्र मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर काढायचा बेत असतो. जावं की न जावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण रोलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर पैज लावायच्या खेळात, पैसे नेमके कुठून जातात हे ठाऊक नसताना त्या टेबलाशी उभं राहू नये, असं माझं ठाम मत आहे. हिशोब दहावीच्या गणिताइतकाच आहे.

आधी चाक. युरोपियन चाकात ३७ खाचा असतात: १८ लाल, १८ काळ्या आणि एक हिरवं शून्य. आकडे क्रमाने नसतात. १७ च्या शेजारी २५ आणि ३४, शून्याच्या एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला २६. बाहेरचं भांडं स्थिर, आतलं चाक फिरतं. डीलर, म्हणजे टेबल चालवणारा कर्मचारी, चाक एका दिशेला फिरवतो आणि गोळी कडेच्या पट्टीवरून उलट दिशेला सोडतो. वेग उतरला की गोळी खाली घसरते, वाटेत भांड्यावर बसवलेल्या धातूच्या उंचवट्यांवर आपटते, दोनचार उड्या मारते आणि एका खाचेत बसते. गोळी कुठे पडेल याचा अंदाज बांधता येऊ नये, हेच त्या उंचवट्यांचं काम.

गोळी घसरायच्या आधी डीलर ‘नो मोअर बेट्स’ म्हणतो. त्यानंतर चिपला, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकतीला, हात लावायचा नाही. नंबर लागला की तो त्या आकड्यावर मार्कर ठेवतो, हरलेल्या चिप्स ओढून घेतो, मग जिंकलेल्यांना देतो. मार्कर उचलेपर्यंत नवी चिप ठेवायची नाही आणि जिंकलेलीही उचलायची नाही. रोलेटच्या रंगीत चिप्स त्या टेबलापुरत्याच असतात, एका खेळाडूला एक रंग. टेबल सोडताना तिथेच बदलून घ्याव्यात, दुसरीकडे त्या चालत नाहीत.

कापडावर १ ते ३६ आकडे तीन कॉलम आणि बारा ओळींत मांडलेले असतात. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर एका रुपयाला ३५ मिळतात. दोन आकड्यांमधल्या रेषेवर १७, तीन आकड्यांच्या आडव्या ओळीला ११, चार आकड्यांच्या कोपऱ्यावर ८, दोन ओळी मिळून सहा आकड्यांना ५. डझनला (१ ते १२, १३ ते २४ किंवा २५ ते ३६) किंवा कॉलमला २. लाल-काळा, सम-विषम, लहान-मोठे (१ ते १८, १९ ते ३६) यांना बरोबरीने १. चिप ठेवताना नीट बघावं, कारण १७ च्या घरात ठेवलेली चिप २० च्या रेषेला टेकली तर ती दोन आकड्यांची धरली जाते आणि ३५ चे १७ होतात. टेबलाची किमान रक्कमही विचारून घ्यावी. सहसा आतल्या आकड्यांवर ती सगळ्या चिप्स मिळून भरते, पण बाहेरच्या प्रत्येक पैजेला वेगळी लागते. लाल आणि डझन दोन्ही खेळायचं तर दोन्हीकडे पूर्ण किमान रक्कम.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या ३७ आकड्यांवर एकेक रुपया ठेवा. एक आकडा नक्की लागणार. त्याचे ३५ आणि तुमचा स्वतःचा १, मिळून ३६ परत येतात. सदतिसावा रुपया टेबलावरच राहतो. सदतीसात एक म्हणजे २.७० टक्के. लालचं गणितही तेच आहे: १८ आकडे जिंकवतात, १९ हरवतात, फरक पुन्हा सदतीसात एक. या चाकावर स्वस्त किंवा महाग पैज नसते. कुठेही लावा, दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे जातात. फरक पडतो तो फक्त चढउतारांत: एकच आकडा धरला तर लांबलचक कोरडे डाव, लाल धरला तर थोडं-थोडं वरखाली.

अमेरिकन चाकात दोन शून्यांचं आणखी एक घर असतं, पण देणं तेच. मग कापा, म्हणजे कॅसिनोकडे राहणारा वाटा, ३८ त दोन, म्हणजे ५.२६ टक्के. त्याच चाकावरच्या ०, ००, १, २, ३ या पाच आकड्यांच्या पैजेला ६ देतात, तिथे कापा ७.८९ टक्के. ती कधीच लावू नये. उलट काही टेबलांवर शून्य आलं तर लाल-काळ्यासारख्या बरोबरीच्या पैजेतली अर्धी रक्कम परत देतात, तिथे कापा १.३५ वर येतो. बसण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत: शून्यं किती आणि शून्यावर अर्धे परत आहेत का. आणि कोणी ‘पस्तीसपट’ म्हणालं तर त्यात आपली चिप धरली आहे का, तेही विचारा. ३५ अधिक आपली चिप आणि चिपसकट ३५, यात कापा दुप्पट होतो: २.७० चे ५.४१.

सगळ्यात जास्त माणसं बुडतात ती डबल करण्याच्या पद्धतीने. लालवर १००, हरलो की २००, मग ४००. कधीतरी लाल येणारच आणि १०० सुटणारच, असा तो विचार. सात वेळा लागोपाठ हरलं की १२,७०० गेलेले असतात आणि आठव्या डावाला १२,८०० हवे असतात. एकतर खिसा संपतो, नाहीतर टेबलाचं लिमिट आडवं येतं. १०० पासून सुरू करून १०० सुटेपर्यंत किंवा सात वेळा हरेपर्यंत एक फेरी धरली, तर ओळीने सात वेळा हरण्याची शक्यता एका फेरीत साधारण १०६ त एक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सलग शंभर डाव बघा, त्यात अशी सात हरण्यांची रांग कुठेतरी लागण्याची शक्यता तीनात एकाच्या आसपास जाते. १०० सुटण्याच्या फेऱ्या पुष्कळ, १२,७०० जाण्याच्या थोड्या. सरासरी काढली तर दर फेरीला सुमारे २० रुपये तोटाच उरतो. यूट्यूबवर हीच पद्धत ‘गॅरंटीड’ म्हणून शिकवली जाते याचा मला मनापासून राग आहे.

टेबलाशेजारच्या पाटीवर मागचे नंबर झळकत असतात. त्यांचा पुढच्या डावाशी काडीचाही संबंध नसतो. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोमध्ये काळा ओळीने २६ वेळा आला. ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक लालवर रक्कम वाढवत गेले आणि धुऊन निघाले. ‘हा आकडा कधीचा आला नाही’ यालाही अर्थ नाही. ३७ डावांत साधारण १३ आकडे एकदाही येत नाहीत, हीच नेहमीची गोष्ट.

चाकाला खरोखर हरवणारेही झाले. चाकातल्या बारीक दोषामुळे काही खाचांत गोळी जास्त पडते हे हजारो डाव नोंदवून स्पेनच्या गोन्सालो गार्सिया-पेलायो यांनी शोधलं. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन यांनी १९६१ मध्ये अंगावर लपवता येणारा छोटा संगणक बनवला. गोळी आणि चाकाचा वेग मोजून ती कुठल्या भागात पडेल याचा तो अंदाज द्यायचा. या सगळ्यांनी खरं चाक मोजलं. आकड्यांच्या ‘सिस्टीम’ने कोणी जिंकलं नाही.

टक्केवारीपेक्षा वेग जास्त महाग पडतो. डावाला ५०० आणि तासाला ४० डाव धरले तर २०,००० फिरतात, त्यातले ५४० जातात. मिनिटाला एक डाव झाला तर ८१०. दोन शून्यांच्या चाकावर त्याच वेगात १,५७८. म्हणून गर्दीचं, रेंगाळणारं टेबल खिशाला बरं.

मोबाइलवर तर बहुतेकदा चाकच नसतं, असतं ते चाकाचं चित्र. नंबर प्रोग्रॅम ठरवतो, आणि पैसे घेऊन खेळायला लॉगिन आयडी आणि पॉइंट देणाऱ्या एजंटकडे तो तपासायची काहीही सोय नाही. तिथे वरचा कुठलाच हिशोब लागू होईल याची खात्री नाही. १९७६ चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. तरी कळव्यापासून कोपरखैरण्यापर्यंत मुलांच्या हातात फोन आहेत आणि लिंक फिरतच राहणार.

म्हणून ठाण्या-नवी मुंबईतल्या शिक्षकांना आणि क्लासवाल्यांना कळकळीची विनंती. दहावीच्या ‘संभाव्यता’ प्रकरणात नाणं, फासे, पत्ते येतातच. त्यात हे एक उदाहरण घाला: काळ्यावर १०० आणि तिसऱ्या कॉलमवर १००. या कॉलममध्ये ८ लाल आणि ४ काळे आहेत. दोन्ही लागतील असे आकडे ४, तेव्हा ३०० नफा. फक्त काळा लागेल असे १४, तेव्हा शून्य. फक्त कॉलम लागेल असे ८, तेव्हा १०० नफा. काहीच लागणार नाही असे ११, तेव्हा २०० तोटा. ३७ पैकी २६ आकड्यांवर मुलाला वाटेल की आपण हरतच नाही. मग फळ्यावर बेरीज करायला लावा: १,२०० अधिक ८०० वजा २,२००, उत्तर उणे २००. त्याला ३७ ने भागलं की दर डावाला ५ रुपये ४१ पैसे तोटा, म्हणजे लावलेल्या २०० चे बरोबर २.७० टक्के.