वकिलाला खोलीबाहेर ठेवून संकट सुटत नाही

कंपनीवर बालंट आलं की काय करावं, याबद्दलचा एक संदेश बरेच दिवस फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनीच्या वकिलाला आधी खोलीबाहेर काढा. तो ‘नो कॉमेंट’ म्हणायला लावतो, माफी मागू देत नाही. त्याचा उपयोग एकच, त्याला ईमेलच्या सीसीमध्ये घातलं की मजकूर गुप्त राहतो. मी बरीच वर्षं विधी विभागात काम करतेय. यातलं काहीच मला पटत नाही, आणि शेवटचा सल्ला तर धोक्याचा आहे.

आधी ‘नो कॉमेंट’. संध्याकाळी सव्वापाचला पत्रकाराचा फोन येतो: तुमच्याकडे डेटा चोरी झाली म्हणतात, बातमी सातला जाणार. कम्युनिकेशनवाल्यांचा मसुदा तयार असतो: ‘आमच्या एकाही ग्राहकाची माहिती बाहेर गेलेली नाही.’ मी आयटीच्या माणसाला विचारते, ‘कशावरून?’ तेव्हा कळतं की तीनपैकी एकाच सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी, तपासून झालेत. मग निवेदन असं होतं: ‘कोणीतरी परवानगीशिवाय आमच्या यंत्रणेत शिरल्याचं आज सकाळी लक्षात आलं. तो भाग बंद केला आहे, तपास सुरू आहे. ज्यांची माहिती गेल्याचं आढळेल त्यांना आम्ही स्वतः कळवू.’ हे पावणेसातला पत्रकाराच्या हातात असतं. यात गप्प बसणं कुठे आलं? जे तपासलेलंच नव्हतं तेवढं वगळलं. ते पहिलं वाक्य छापून आलं असतं आणि दोन दिवसांनी खोटं ठरलं असतं, तर पुढे कोर्टात तेच आमच्यासमोर वाचून दाखवलं गेलं असतं.

शिवाय गप्प बसायची मुभा कायदा दरवेळी देतो कुठे? युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्यानुसार लोकांना धोका संभवत असेल तर चोरी कळल्यापासून 72 तासांत नियामकाला सांगावं लागतं. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीनं सायबर घटना गंभीर ठरवली, की कामकाजाच्या 4 दिवसांत ती जाहीर करावी लागते. उबरनं 2016 सालची चोरी वर्षभर दडवली. 5.7 कोटी लोकांची माहिती गेली होती. त्या प्रकरणात कंपनीच्या माजी सुरक्षा प्रमुखाला 2022 मध्ये ज्युरीनं दोषी ठरवलं. या मुदतींवर डोळा ठेवणारा माणूसच तुम्ही बाहेर बसवणार?

माफीबद्दलचा राग मात्र मला समजतो. ‘दिलगीर’ शब्द दिसला की लाल रेघ मारणारे वकील आहेत, आणि ते चुकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या कायद्यानं स्पष्टच सांगितलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 2002 पासून असंच संरक्षण आहे. सगळीकडे ते नाही, म्हणून तर शब्द कुठले वापरायचे ते वकिलासोबत ठरवायचे. ‘तुमच्यावर जे ओढवलं त्याचं आम्हाला दुःख आहे’ हे पहिल्या तासाला म्हणता येतं. ‘चूक आमच्या अमुक विभागाची’ हे तपास झाल्यावर. पहिलं वाक्य अडवणारा वकील जखमी माणसाच्या घरच्यांना नाहक आणखी दुखावतो.

राहिली सीसीची युक्ती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1981 च्या अपजॉन खटल्यात कर्मचारी आणि कंपनीचा वकील यांच्यातल्या संवादाला गोपनीयतेचं संरक्षण दिलं, पण त्याच निकालात हेही सांगितलं की संरक्षण संवादाला आहे, घडलेल्या गोष्टींना नाही. युरोपीय न्यायालयानं तर 2010 च्या अ‍ॅक्झो नोबेल प्रकरणात ठरवलं की युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीत नोकरीतल्या वकिलाशी झालेल्या पत्रव्यवहाराला ते संरक्षण मिळतच नाही. सीसीच्या भरवशावर कोणी बिनधास्त लिहिलं, की तो ईमेल एक दिवस समोरच्याच्या फायलीत सापडतो.

आणि लपवाछपवीचंच म्हणाल, तर अशा दिवशी पत्रकाराला उत्तर देण्याच्याही आधी विधी विभागातून सगळ्यांना एक ओळ जाते: या विषयावरचा एकही ईमेल, एकही चॅट डिलीट करू नका.