परदेशातून: पत्रा दाबून गाडीची मजबुती कळत नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चाललाय, दादाने कुठली सेडान घ्यायची. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नाशिकला इंदिरानगरला राहतो, घरात तो, वहिनी, दोन मुलं आणि काका-काकू, बजेट ऑन-रोड 15-16 लाख आणि त्याला डिकीवाली गाडीच पाहिजे. म्हणजे स्कोडाची स्लाव्हिया, फोक्सवॅगनची व्हर्टस (दोन्ही एकाच जर्मन ग्रुपच्या), ह्युंदाईची व्हर्ना नाहीतर होंडा सिटी, कारण मारुतीची सियाझ 2025 मधे बंदच झाली. काका म्हणतात जर्मन गाडीचा पत्रा बघ, बोटाने दाबून बघ दबतो का. मेव्हणे म्हणतात जर्मन घेतली तर पार्टचा खर्च झेपणार नाही, होंडाचं इंजिन डोळे झाकून घे. आतेभावाचं म्हणणं सेडान घेतंच कोण आता. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, रिसेल किती येईल ते बघ.

मी इकडे अमेरिकेत ओहायोत गाड्यांचे बॉडी पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, सुरुवात सातपूरच्या एका प्रेस शॉपमधे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, केलेली, त्यामुळे पत्र्याबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो. बाहेरचा पत्रा, म्हणजे दाराचा, बॉनेटचा, फेंडरचा, जवळपास सगळ्याच गाड्यांना 0.65 ते 0.8 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, मग ती जर्मन असो, जपानी असो की आपली. तो दबला म्हणून गाडी कच्ची होत नाही आणि नाही दबला म्हणून पक्की होत नाही, कारण अपघातात माणसाला वाचवायचं काम त्याचं नाहीच. ते काम आतल्या सांगाड्याचं. दोन दारांच्या मधला जो खांब असतो ना, बी-पिलर, तो चांगल्या गाडीत हॉट स्टॅम्पिंगचा असतो, म्हणजे बोरॉन स्टीलचा पत्रा 900 डिग्रीच्या वर तापवून लालभडक असतानाच डायमधे म्हणजे साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात, त्याने त्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या (ताण सोसायचं माप) आसपास जाते, साध्या पत्र्याची 300 च्या घरात असते. हे बाहेरून दिसत नाही आणि बोटाला कळत नाही. दार लावल्यावर जो भारदस्त आवाज येतो आणि ज्याच्यावर आपल्याकडे माणसं खूश होऊन बुकिंग करतात तो आवाज रबराचं बीडिंग, लॉकची बनावट आणि दाराच्या आत चिकटवलेल्या डांबरी शीटमधून येतो, सांगाड्याशी त्याचा काही संबंध नाही.

बघायचंच असेल तर शोरूममधे दार उघडून चौकटीवरचं रबरी बीडिंग एका ठिकाणी हळूच ओढून बघा, ते परत बसतं, काही तुटत नाही. त्याच्या खाली दोन-तीन पत्रे एकत्र जोडलेली कड दिसते आणि त्यावर गोल गोल खळगे दिसतात, ते स्पॉट वेल्ड. सारख्या अंतरावर आहेत का, कडेवरून घसरलेत का, कडेला पत्रा कापताना राहिलेला धारदार बर आहे का, एवढं बघितलं तरी ती लाइन कशी चालते याचा अंदाज येतो. सेल्समन जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आणि हे नाशिककरांनी तरी विसरू नये, कारण एक चांगली फॅमिली सेडान आपल्याच गावात बनत होती. महिंद्रा-रेनोची लोगान, 2007 मधे आली, महिंद्राच्या नाशिकच्या प्लांटमधून. लोकांनी काय बघितलं, चौकोनी दिसते, डॅशबोर्ड साधा आहे, प्लास्टिक हलकं आहे. पण ती गाडी डिझाइन करतानाच प्रत्येक रुपया कुठे घालायचा हे ठरवलेलं होतं, बाहेरचे आरसे डावे-उजवे एकसारखे केले म्हणजे एकाच साच्यात काम झालं, समोरची काच कमी वळणाची केली म्हणजे स्वस्त पडली, आणि वाचवलेला पैसा सस्पेन्शनमधे (खड्ड्याचे धक्के सोसणारे पार्ट), जागेत आणि 1.5 डिझेल इंजिनमधे घातला. मागे तीन माणसं खरोखर बसायची. नंतर टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं पळवली, टॅक्सीवाल्याला डॅशबोर्डचं कौतुक नसतं, त्याला धंद्याच्या दिवशी गाडी गॅरेजला लागायला नको असते. माझ्या मते व्हॅल्यू म्हणजे काय हे त्या गाडीने दाखवलं होतं, फक्त घरगुती गिऱ्हाईकाने ते बघितलं नाही. 2010 मधे रेनो बाहेर पडली आणि 2011 पासून तीच गाडी व्हेरिटो झाली.

लोगानला दुसरा फटका बसला तो लांबीचा, आणि तो आज दादाच्याही खिशाला बसतोय. 2006 च्या बजेटमधे 4 मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना एक्साइज कमी केला, लोगान सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणून सवलतीच्या बाहेर. शेवटी 2013 मधे त्याच गाडीची शेपटी कापून व्हेरिटो व्हाइब काढावी लागली. आता बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, सगळ्यांना वाटलं गाड्या स्वस्त झाल्या, झाल्याच, पण 4 मीटरच्या आतली छोट्या इंजिनाची पेट्रोल गाडी 29 वरून 18 टक्क्यांवर आली आणि मध्यम सेडान 45 वरून 40 वर. म्हणजे दोघींमधला फरक 16 टक्के होता तो 22 झाला. स्लाव्हियाचं बेस इंजिन 1 लिटरचं आहे, मारुतीच्या 4 मीटरच्या आतल्या डिझायरपेक्षाही छोटं, पण गाडी साडेचार मीटरची म्हणून 40 टक्के. वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के, म्हणजे 12 लाखांच्या गाडीवर 1 लाख 44 हजार. इकडे ओहायोत सगळा मिळून साडेसात-आठ टक्के सेल्स टॅक्स देऊन माणूस गाडी घरी नेतो, लांबी कोणी विचारत नाही. आतेभाऊ म्हणतो सेडान कोणी घेत नाही, पण घेणार कशी, करच असा लावलाय की कंपनीने डिकी कापावी आणि गिऱ्हाईकाने उंच गाडीकडे वळावं. कर लावायचाच तर सुरक्षेवर लावा, धुरावर लावा, टेपने मोजून काय मिळतं मला आजवर समजलेलं नाही.

आता इकडचं सगळंच भारी असं मी अजिबात म्हणणार नाही. इथे ज्याला मिडसाइज म्हणतात ती टोयोटाची कॅमरी, होंडाची अकॉर्ड जवळजवळ 5 मीटरची असते, 28-30 हजार डॉलरपासून सुरू, आपल्या पैशात 25 लाखांच्या वर, आणि तीच कॅमरी भारतात डिसेंबर 2024 मधे 48 लाखांना आली. त्यामुळे सिटीची तुलना थेट अकॉर्डशी करणाऱ्या व्हिडिओंना काही अर्थ नाही. सेडान इकडेही कमी होतायत, फोर्डने 2020 मधे फ्युजन बंद केली, शेव्हरोलेची मॅलिबू 2024 मधे गेली.

पण एक गोष्ट इकडे मनापासून आवडते. इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस नावाची संस्था आहे, ती गाड्या फोडून बघते आणि कंपन्यांना स्वस्थ बसू देत नाही. 2012 मधे तिने नवी टेस्ट आणली, गाडीचा फक्त ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा धडकवायचा, त्यात अकॉर्ड चांगली आली आणि सगळ्यांची लाडकी कॅमरी "वाईट" शेऱ्यात गेली. 2015 च्या मॉडेलपर्यंत टोयोटाने ते सुधारलं. मग 2016 मधे संस्थेला शंका आली की कंपन्या फक्त टेस्ट होणारीच बाजू मजबूत करतायत की काय, म्हणून ड्रायव्हर-साइडला चांगल्या ठरलेल्या सात छोट्या एसयूव्ही दुसऱ्या बाजूने धडकवल्या, त्यात खरी चांगली निघाली एकच. आणि 2022 पासून मागच्या सीटवर बारा वर्षांच्या मुलाएवढा डमी बसवून टेस्ट सुरू केली, त्यात मध्यम सेडानच्या 2023 मधल्या पहिल्या फेरीत पूर्ण चांगला शेरा फक्त अकॉर्डला मिळाला. म्हणजे पाच स्टारवाल्या गाडीलाही पुढचा प्रश्न विचारणारं कोणीतरी असतं.

आपल्याकडे नेमकं हेच कमी पडतं. सुधारणा प्रचंड झालीय, 2023 मधे ग्लोबल एनकॅपमधे (गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) स्लाव्हिया-व्हर्टसला 5 स्टार, व्हर्नाला 5 स्टार, 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची तशीच टेस्ट, भारत एनकॅप, सुरू, 2024 मधे नवी डिझायरसुद्धा 5 स्टार, जिची जुनी पिढी 2 स्टारवर होती. अभिमान वाटावा असंच आहे. पण आपण स्टार मोजतो आणि थांबतो. ग्लोबल एनकॅपच्याच रिपोर्टमधे व्हर्नाचा सांगाडा "अनस्टेबल" म्हणजे अजून जास्त भार पेलायला असमर्थ असा शेरा आहे आणि स्लाव्हिया-व्हर्टसचा "स्टेबल". स्टार दोघींना सारखेच. ग्रुपवर मी हे टाकलं तर कोणी वाचलंच नाही, लगेच सनरूफवर चर्चा सुरू. मला याचा खरंच त्रास होतो, कारण त्या गाडीच्या मागच्या सीटवर काकू बसणार आहेत. 2022 मधे पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले तेव्हा दोन-चार आठवडे मागच्या बेल्टची चर्चा झाली, भारी गाडी होती, मागे बेल्ट लावलेला नव्हता. आता समृद्धीवर इगतपुरीपासून 120 ची लिमिट आहे आणि अजूनही मागच्या बेल्टचं बक्कल सीट कव्हरच्या खाली दाबून टाकलेलं असतं. कव्हर बसवणारा विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

बिल्ड क्वालिटीचं अजून एक, गाडी कुठे राहते त्यावर ती कशाने मरते ते ठरतं. ओहायोत थंडीत रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे जुनी गाडी बघायला गेलेला शहाणा माणूस आधी खाली वाकून ब्रेक पाइप आणि दाराखालचा उंबरा गंजलाय का बघतो, रंग नंतर. नाशिकला गंज ही मोठी अडचण नाही, आपल्याकडे गाडीला मारतात खड्डे आणि स्पीडब्रेकर. द्वारकापासून पाथर्डी फाट्यापर्यंत पावसाळ्यात एकदा जाऊन या म्हणजे लिंक रॉड, बुश, शॉकअप या सस्पेन्शनच्या पार्टचं आयुष्य कळतं. मागच्या वेळी आलो तेव्हा मित्राच्या गाडीचा टायर बाजूने फुगलेला बघितला, लिंबाएवढा फुगा, मोठं अलॉय आणि खाली पातळ टायर. त्याला सर्व्हिस सेंटरने टायरबरोबर अख्खा लोअर आर्म बदलायला सांगितला, सातपूरच्या एका गॅरेजवाल्याने नुसता त्यातला रबरी बुश दाबून बसवला आणि गाडी अजून नीट चाललीय. म्हणून माझं म्हणणं, 16 इंची चकचकीत अलॉयपेक्षा 15 इंची जाड टायरवालं व्हेरिएंट नाशिकसाठी जास्त व्हॅल्यूचं, दिसायला कमी असलं तरी.

रिसेलचं सगळ्यांचं म्हणणं चूक नाही, पण ते कंपनीच्या नावावर चालतं. इकडे रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय साडेबारा वर्षांच्या आसपास आहे आणि जुन्या गाडीची नोंदलेली सर्व्हिस, अपघात, मालक किती झाले याचा रिपोर्ट नंबर टाकला की निघतो, रिकॉल असेल तर घरी पत्र येतं आणि काम फुकट होतं. नीट ठेवलेल्या गाडीला त्यामुळे भाव मिळतो. आपल्याकडे सक्तीच्या रिकॉलचा कायदा 2021 पासून लागू आहे, पण जुनी गाडी घेताना माणूस अजून किलोमीटर मागे फिरवलेत का याच चिंतेत असतो, त्यामुळे चांगली ठेवलेली स्कोडा आणि हालत केलेली स्कोडा एकाच भावात मागतात. यात मात्र होंडावाल्याला खरंच फायदा आहे, हे मान्य.

दादाला मी लिहिलंय की काका-काकू रोज मागे बसणार असतील तर स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं 1 लिटर मॅन्युअल, मधलं व्हेरिएंट, सनरूफशिवाय, आणि त्यातून वाचलेल्या पैशात वाढीव वॉरंटी घे. रिसेल आणि बिनत्रास इंजिनच सगळ्यात महत्त्वाचं असेल तर सिटी घे, वाईट वाटून घेऊ नको. टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडला देतील, ती घेऊ नको, गाडी अंबडच्या एमआयडीसीतल्या खड्ड्यांतून फिरव, काकूंना मागे बसव, बेल्ट लावायला सांग, त्यांना एकटीला तो लावता-काढता येतो का बघ, आणि मगच पैसे भर. कव्हरवाल्याकडे जाशील तेव्हा बक्कल वर ठेवायला तू स्वतः उभा राहून सांग.